78 तपासण्या आणि न विचारलेले दोन प्रश्न



लांब लिहिणार आहे. चहा घेऊन बसा, साखर कमी घाला. काही जणांना राग येईल, विशेषतः आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीतल्या मित्रांना. पण त्यांच्याबरोबर मी तीस वर्षं गणपतीचे मांडव बांधले आहेत, तेव्हा तोंडावर बोलायचा हक्क मला आहे असं समजतो. येत्या रविवारी बैठक आहे. पुढच्या वर्षीही तेच आरोग्य शिबिर घ्यायचं का, हे त्यात ठरणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: घेऊ नये. निदान या पद्धतीनं तर बिलकुल घेऊ नये.

का, ते सांगतो. बडोद्याची, ग्वाल्हेरची, हैदराबादची मंडळी वाचत असतील तर त्यांनीही आपापल्या हॉलकडे एकदा बघून घ्यावं.

यंदा गणपतीत पाचव्या दिवशी आपल्या हॉलमध्ये एका खासगी लॅबचं शिबिर झालं. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत "फुल बॉडी चेकअप, 78 तपासण्या, फक्त 1,499 रुपये" आणि शेजारी पाच हजारांचा आकडा लाल रेघेनं खोडलेला. आमच्या सौ. आणि मी, दोघांनीही हात पुढे केले. मी सकाळी पोहे-जलेबी खाऊन आलो होतो, ते कोणी विचारलं नाही. दोन जिने चढून वर पोचलो, खाली ढोल चालू, आणि खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच एका मुलीनं शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून रक्तदाब घेतला. 158/96. तिनं आकडा लिहिला, मी पुढे सरकलो. मागे रांग होती.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बावीस पानांचा रिपोर्ट. पहिल्याच पानावर लाल हृदयाचं चित्र आणि खाली: "हृदयविकाराचा धोका: उच्च. आपल्या हृदयाचे वय: 74 वर्षे." माझं वय 61. आत आकडे: एकूण कोलेस्टेरॉल 248, एलडीएल 168, एचडीएल 38, ट्रायग्लिसराइड 212. सगळे लाल.

तासाभरात फोन. "अंकल, आपका रिपोर्ट रेड में आया है. घबराने की बात नहीं है, पर आज ही दिखा दीजिए." घाबरू नका आणि आजच या, दोन्ही एका दमात. पहिली भेट फुकट. हृदयाच्या सीटी अँजिओग्राफीवर तीस टक्के सूट, तीही शनिवारपर्यंतच.

राजवाड्यावरचा साडीवाला "सेल शनिवारपर्यंत" म्हणतो तेव्हा आपण हसून पुढे जातो. तेच वाक्य हृदयाबद्दल ऐकलं आणि माझे हात थंड पडले.

तीन रात्री झोप नाही. साधी ढेकर आली तरी वाटायचं, आली वेळ. चौथ्या दिवशी मी ते केलं जे आपल्या घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. रिपोर्ट मोबाइलमधून उडवून टाकला आणि सौ.ला सांगितलं, सगळं नॉर्मल आहे.

हे खोटं पकडलं वहिनींनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आता बहात्तरच्या आहेत. जेवायला आल्या होत्या. वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, शिबिराचं काय आलं?" मी म्हटलं, नॉर्मल. त्यांनी पोळी ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "ह्यांचंही सगळं नॉर्मलच होतं."

जुन्या लोकांना दादा आठवत असेल. वीज मंडळात होता, गणपतीत तबला वाजवायचा. 1998 च्या जानेवारीत गेला, 49 व्या वर्षी. दोन वर्षं आधी रक्तदाब वरचा 170 निघाला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. दीड महिना घेतली, मग म्हणाला, "आता बरं वाटतंय, आयुष्यभर गोळ्या खायला मी काय म्हातारा झालो का?" बरं तर त्याला आधीही वाटतच होतं. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना कळतच नाही, हाच त्याचा डाव आहे. त्या सकाळी छातीत भरून आलं, घाम फुटला. तो म्हणाला गॅस आहे. आम्ही ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं, पाठ चोळली. दोन तास आम्ही पाठ चोळत बसलो, मंडळी. रिक्षात घातला तेव्हा उशीर झाला होता. तेराव्यानंतर कपाट आवरताना वहिनींना गोळ्यांची पट्टी सापडली. चार घरं फोडलेली, सहा तशीच.

म्हणून लाल रिपोर्ट कचऱ्यात टाका, लॅबवाले लुटारू आहेत, असं मी सांगत नाहीये. ते सांगणाऱ्यांच्या घरात पट्ट्या सापडतात.

पण याच्या उलट टोकही आमच्याच घरात आहे. माझा मामेभाऊ, वय 58. अशाच एका पॅकेजमध्ये त्याचा धोका "उच्च" आला. त्याला काहीही त्रास नव्हता. राजवाड्यापासून रामबागेपर्यंत गप्पा मारत चालायचा, दम लागायचा नाही. फोन आला, हा गेला. आधी पट्ट्यावर पळवलं, त्यात "थोडं पॉझिटिव्ह". लगेच अँजिओग्राफी, एका नळीत साठ टक्के अडथळा. टेबलावर झोपलेला असतानाच बायकोला बाहेर विचारलं, "आत्ताच स्टेंट टाकून घ्यायचा की धोका पत्करायचा?" त्या बाईनं काय उत्तर द्यायचं? मुलीच्या लग्नाची एफडी मोडली. दोन लाख चाळीस हजार.

त्याचा स्टेंट चुकीचाच होता असं मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नाही. पण जे छापून आलेलं आहे ते सांगायला डॉक्टर असावं लागत नाही. अंगात स्थिर असलेल्या हृदयरोगात, म्हणजे झटका चालू नसताना, चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट टाकल्यानं आयुष्य वाढतं का, हे मोठ्या चाचण्यांत तपासून झालंय. 2007 मध्ये करेज नावाची चाचणी आली, 2020 मध्ये पाच हजारांहून जास्त रुग्णांची इस्केमिया. दोन्हींत मृत्यू आणि झटके यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. छातीत दुखण्याचा त्रास असेल तर तो स्टेंटनं कमी होतो, ते खरं. पण मामेभावाला दुखतच नव्हतं!

आणि खरी गंमत पुढे. स्टेंट टाकल्यावर तो म्हणतो, "अपन तो नए हो गए." कोलेस्टेरॉलची गोळी चार महिन्यांत बंद. कचोरी चालू. अरे बाबा, स्टेंट एका जागेचा पाइप उघडतो. गंज सगळ्या पाइपात आहे. गोळी सगळ्या पाइपासाठी होती. अडीच लाख देऊन त्यानं तेच केलं जे दादानं फुकटात केलं होतं.

म्हणजे लाल शाईला आपल्याला दोनच उत्तरं येतात. पळा किंवा लपवा. दोन्ही भीतीच्या पोटची. तिसरं उत्तर आहे, ते फार कंटाळवाणं आहे आणि कोणत्याही फ्लेक्सवर येत नाही. शांत बसून विचारायचं की या आकड्याचा अर्थ काय, आणि मग जे ठरेल ते रोज करायचं.

वहिनींनी मला हाताला धरून नेलं नाही एवढंच. घरापासून तिसऱ्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई आहेत, साध्या एमडी, फी तीनशे. लॅबच्या "पॅनेल"वर नाहीत. रिपोर्ट परत मागवून घेतला आणि गेलो. त्यांनी बावीस पानांतली वीस बाजूला ठेवली आणि दोन प्रश्न विचारले.

"तंबाखू?"

"घरात कोणाला लहान वयात हृदयविकार?"

मंडळी, 78 तपासण्या केल्या होत्या. माझं व्हिटॅमिन बी-12 मोजलं, लोह मोजलं, यकृताचे अर्धा डझन आकडे काढले. पण मी चाळीस वर्षं तंबाखू-चुना मळतोय हे कोणी विचारलं नाही. माझा भाऊ 49 व्या वर्षी गेला हे कोणी विचारलं नाही. या दोन प्रश्नांना सुई लागत नाही, मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत. म्हणूनच पॅकेजमध्ये ते नव्हते.

मग त्यांनी रक्तदाब घेतला. आधी पाच मिनिटं गप्प बसवलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. तीनदा घेतला, बोलू दिलं नाही. आणि सांगितलं, मशीन विकत घ्या किंवा उसनं आणा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहा. घरची सरासरी आली 142/88. म्हणजे हॉलमधले 158 खरे नव्हते. पण नॉर्मलही नव्हतो. रक्त उपाशीपोटी पुन्हा तपासलं. थायरॉइड पाहिलं, कारण ते मंद असलं तरी एलडीएल चढतं. लघवी पाहिली. एक साधा ईसीजी. बस.

मग त्यांनी धोक्याचा आकडा समजावला, तो इथे उतरवतो, कारण साठी ओलांडूनही मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

हे धोक्याचे तक्ते कुठून आले? अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. 1948 पासून तिथल्या पाच हजारांवर लोकांवर डॉक्टरांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली. कोणाला झटका आला, त्याचा रक्तदाब आधी किती होता, सिगारेट ओढायचा का, हे लिहून ठेवलं. त्यातून गणित निघालं. पुढे वेगवेगळ्या देशांसाठी वेगळे तक्ते झाले. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा तक्ता दक्षिण आशियासाठी स्वतंत्र आहे. ते लागतंच, कारण आपली गोष्ट वेगळी आहे. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं की आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, बाकी जगात 59 च्या आसपास. त्याच अभ्यासात हेही दिसलं की धोका फक्त सिगारेट-बिडीनं नाही, चघळायच्या तंबाखूनंही वाढतो. "मी ओढत नाही, फक्त खातो" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मीही त्यातलाच.

बाई म्हणाल्या, "तुमचा धोका, भाऊ आणि तंबाखू धरून, अंदाजे वीस टक्के समजा. म्हणजे काय? तुमच्यासारखे शंभर पुरुष या खोलीत बसवले तर दहा वर्षांत साधारण विसांना हृदयाचा झटका किंवा लकवा येईल. ऐंशींना येणार नाही. तुम्ही विसांत की ऐंशींत, हे मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण ते वीस कमी करता येतात, ते माहीत आहे."

आणि 74 वर्षांचं हृदय? ते हृदय उघडून कोणी वय पाहिलेलं नाही. ज्याचा रक्तदाब-कोलेस्टेरॉल सगळं छान आहे अशा 74 वर्षांच्या माणसाला जेवढा धोका असतो, तेवढा मला आहे, एवढाच अर्थ. बोलायची पद्धत आहे. नीट समजावली तर माणूस जागा होतो, नुसती लाल रंगात फेकली तर पळतो किंवा लपतो.

विसाचे कमी कसे होतात? एलडीएल साधारण 39 नं उतरलं की मोठ्या घटनांचा धोका सुमारे पाचवा हिस्सा घटतो. वरचा रक्तदाब 10 नं उतरला की तेवढाच, आणखी पाचवा हिस्सा. एक स्टॅटिनची गोळी, एक रक्तदाबाची. दोन्ही जनऔषधी केंद्रातून महिन्याला दीडशे रुपयांच्या आत येतात. तीन महिन्यांनी माझं एलडीएल 96, रक्तदाब 128/80. बाईंच्या हिशेबानं माझे वीस आता दहा-बाराच्या आसपास आले. तंबाखू सुटली तर आणखी खाली. तंबाखू दोनदा सुटली, दोनदा लागली. आज तिसऱ्यांदा सोडून 71 वा दिवस आहे. वहीत लिहितो.

"स्टॅटिननं स्नायू दुखतात, साखर वाढते" असं कोणीतरी लिहिणारच. होय, काहींचे दुखतात, आणि साखर थोडी चढू शकते. म्हणून तर ज्याचा धोका कमी आहे त्याला नुसत्या एका लाल आकड्यासाठी गोळी देत नाहीत. दुखलं तर डॉक्टरांना सांगा, मात्रा बदलते, गोळी बदलते. गुपचूप बंद करू नका. दुसरं, "रोज एक अ‍ॅस्पिरिन घे" असं मला आठ जणांनी सांगितलं, त्यात दोन जण नात्यातले. ज्याला आधी झटका आलेला नाही त्यानं मनानं अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. 2018 मध्ये यावर तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, फायदा नगण्य आणि रक्तस्राव वाढलेला. ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी मात्र ती सोडू नये.

आणि दुधीचा रस. दुधीशी माझं भांडण नाही, भाजी करा. पण रस कडू लागला तर थुंकून टाका. कडू दुधीच्या रसानं आपल्या देशात माणसं दगावली आहेत, आयसीएमआरच्या समितीनं तसं बजावलेलंही आहे. हृदयासाठी प्यायले आणि जीव गेला, याहून वाईट काय.

जेवणाचं एकच सांगतो, कारण आपण इंदुरी आहोत. पोह्यांना शिव्या देऊ नका, पोहे गरीब आहेत. त्यावरच्या शेवेच्या डोंगराकडे बघा. मीठ दिवसाला एका चहाच्या चमच्याच्या आत असावं असं सांगतात. आपण शेव, पापड, लोणचं, जिरावन यांतच तो चमचा दुपारपर्यंत संपवतो. आमच्या घरी शेवेचा डबा आता वरच्या फळीवर गेला आहे. रविवारी खाली येतो.

आता मंडळाकडे वळतो.

कार्यकारिणीचं म्हणणं मला माहीत आहे. "आपण हॉल फुकट दिला, लोकांना स्वस्तात तपासणी मिळाली, त्यात दोघांची साखर सापडली, यात वाईट काय?" साखर सापडली हे चांगलंच झालं. त्यांना माझा सलाम. पण साखर आणि रक्तदाब तपासायला 1,499 रुपये लागत नाहीत. तिशीवरच्या कोणालाही सरकारी आरोग्य केंद्रात ते फुकट तपासून मिळतं, आपल्या वस्तीजवळच्या संजीवनी क्लिनिकमध्येही. तिथे जायला आपल्याला कमीपणा वाटतो, ही गोष्ट वेगळी.

माझा आक्षेप तपासणीवर नाही. रिपोर्टमागे कोणी उभं नव्हतं, यावर आहे. लॅबनं रक्त नेलं, फोन नंबर नेले, वय नेलं आणि पुढच्याच दिवशी फोन सुरू केले. आपण लोकांना सांगितलं "मंडळाचं शिबिर आहे, या." लोक लॅबवर विश्वास ठेवून आले नव्हते. मंडळावर ठेवून आले होते. माझ्या आजोबांनी ज्या हॉलसाठी वर्गणी गोळा केली, त्या हॉलच्या नावावर आपण आपल्याच म्हाताऱ्यांचे नंबर एका दुकानाला दिले. याला सेवा म्हणू नका. दुकानाला ओटा दिला म्हणा.

लाल शाईनं घाबरलेला माणूस त्या रात्री कोणाला विचारणार होता? पूर्वी उत्तर सोपं होतं. आमच्या लहानपणी गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता. कंपाउंडर बाटलीत लाल-पिवळं मिक्श्चर भरायचा आणि बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच एक डोस. डॉक्टरसाहेबांना आमच्या तीन पिढ्या तोंडपाठ होत्या. माझ्या बापाला दमा, काकाला गोड, आत्याला "नर्व्हस". त्यांना विचारावं लागत नव्हतं की घरात कोणाला काय झालं होतं. ते त्या मयताला आलेले असायचे.

मी त्या काळाची आरती ओवाळत नाही. त्यांच्या हातात औषधं थोडी होती. पहिली स्टॅटिनची गोळी बाजारात यायलाच 1987 उजाडलं. आज औषध जास्त आहे, स्वस्त आहे, आणि ओळखणारा डॉक्टर नाही. तो कोणी हिरावून नेला नाही. आपणच त्याच्याकडे जाणं सोडलं. तीनशे रुपये फी जास्त वाटते आणि 1,499 चं पॅकेज स्वस्त वाटतं. छातीत काही झालं की थेट "मोठ्या" हॉस्पिटलात, आणि काही झालं नसलं की लॅबच्या फोनवर. मधली पायरीच आपण काढून टाकली, मग पडतो आणि ओरडतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या वर लिहून ठेवा. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, अचानक दम, यातलं काही असेल तर ही पोस्ट विसरा. ओवा नको, हिंग नको, पाठ चोळणं नको, फॅमिली डॉक्टरही नको. 108 लावा, जिथे ईसीजी आणि झटक्याचे उपचार होतात तिथे लगेच जा. झटका चालू असताना अँजिओग्राफी आणि स्टेंट जीव वाचवतात, तिथे मिनिटं मोजतात. स्टेंटशी माझं भांडण नाही. शनिवारच्या सेलशी आहे. दादाला त्या दिवशी कोणीतरी पहिल्या दहा मिनिटांत उचलून नेला असता, तर कदाचित आज त्यानंच हे भांडण केलं असतं, माझ्याहून चांगलं.

म्हणून रविवारच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे.

पहिली. खासगी लॅबला हॉल द्यायचा नाही, आणि सभासदांचे नंबर तर कोणालाच द्यायचे नाहीत.

दुसरी. वाचनालयाच्या टेबलावर रक्तदाबाचं एक चांगलं मशीन ठेवायचं. दर रविवारी सकाळी दहा ते बारा. आपल्यात निवृत्त नर्स ताई आहेत, दोन डॉक्टर आहेत, पाळीपाळीनं एक जण बसेल. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, मग मोजायचं, मग वहीत लिहायचं. वही सभासदाची, त्याच्याच घरी राहील. शिबिर एका दिवसाचं असतं, रक्तदाब 365 दिवसांचा. मशीनचे पैसे मी देतो. मामेभावाच्या बिलाच्या शंभराव्या हिश्श्याएवढेच आहेत.

तिसरी. एक साधा कागद छापायचा, मराठीत आणि हिंदीत, आणि लाल रिपोर्ट घेऊन येणाऱ्याच्या हातात द्यायचा. त्यावर सहा प्रश्न, डॉक्टरांना विचारायचे. माझा धोका शंभरात किती? कोणत्या तक्त्यानं काढला? रक्तदाब घरी मोजून पाहिला का? ही तपासणी केली नाही तर काय बिघडेल? ती केल्यावर माझ्या औषधांत काय बदलणार आहे? आणि काही त्रास नसताना हे आजच का करायचं? शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं तर जरूर करा. "शनिवारपर्यंत सूट आहे" हे उत्तर नाही.

कागदाच्या सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, ते दोन फुकटचे प्रश्न हवेत. तंबाखू खाता का? घरात कोण लवकर गेलं?

दुसरा प्रश्न आपल्या घरांत विचारतच नाहीत. दादाचा फोटो दिवाणखान्यात आहे, दर जानेवारीत हार घालतो, पण माझ्या मुलाला, जो आता 34 चा आहे, त्याचा काका कशानं आणि कितव्या वर्षी गेला हे नीट माहीत नव्हतं. "अचानक गेला" एवढंच त्यानं ऐकलं होतं. गेल्या आठवड्यात त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, पट्टीसकट. वहिनी बाजूला बसल्या होत्या. त्यानं काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं मशीन उचलून घेऊन गेला, अजून परत आणलेलं नाही.

रविवारी, संध्याकाळी पाच. भांडायचं असेल तर समोर येऊन भांडा. चहा मंडळाचा, शेव मी आणणार नाही.